सुभेदारांची बिनआवाजाची गाडी

सुभेदार अंतर किलोमीटरमध्ये सांगत नसत. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले त्या दिवशी सामान उतरवता उतरवता, औंध इथून किती लांब आहे, असं सहज विचारलं. ते अंगणात उकिडवे बसून गाडीच्या पोटाखाली बघत होते. मान वर न करता म्हणाले, "जाताना सात टक्कं. येताना पाच." मी जनावरांची डॉक्टर. मला वाटलं, दुधाची फॅट सांगतायत. सात लागते म्हणजे म्हैस असणार, असा विचार करून मी "चांगली आहे की" म्हणाले. तेव्हा मात्र त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना मी वेडी वाटले आणि मला ते. या घरात आपलं बरं जमणार, असं मला तेव्हाच वाटून गेलं.

पलटणीत त्यांनी सगळी नोकरी गाड्या चालवण्यात घालवली होती. बर्फात, वाळूत, नदीच्या गोट्यांत. गावी परत आल्यावर बरीच वर्षं त्यांच्याकडे एक डिझेलची जीप होती. गावातल्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे तिच्या आवाजावर माणसं घड्याळ लावत. ती जीप त्यांनी एक दिवस कुणाला न विचारता विकली आणि साताऱ्याहून विजेवर चालणारी पांढरी गाडी आणली, आणि तेव्हापासून अंतर ते बॅटरीच्या टक्क्यांत मोजू लागले. दुकानातल्या मुलाने बजावलं होतं, "काका, ही शहरात चालवायची गाडी आहे. खडकाळ रस्त्याला नेऊ नका." सुभेदार म्हणाले, "शहरात माझं काय काम?" आणि थेट फलटणला जाऊन एका वेल्डरकडून गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा मारून घेतला, कारण बॅटरी तिथे असते आणि आमच्याकडचे दगड तिथेच लागतात. वॉरंटी गेली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. रोज संध्याकाळी मात्र ते पत्र्याखाली हात घालून चाचपून बघत. गाभण गाईचं पोट मीही तसंच चाचपते, त्यामुळे मला हसायची सोय नव्हती.

गावाला हसायची पूर्ण सोय होती. चौकात चहाची टपरी होती आणि सकाळी तिथे बसणाऱ्या मंडळींना सुभेदारांची गाडी म्हणजे रोजचं वर्तमानपत्र झालं होतं.

"सुभेदारानं मोबाईल घेतलाय रं, चार चाकांचा."

"टेकडावर चार्जिंग संपलं की बैलं जुपणार काय?"

सुभेदार चहा बशीत ओतून घेत आणि शांतपणे उत्तर देत. "डिझेलची गाडी चढाला आधी वराडती, मग वडती. हिला वराडायचं ठावंच न्हाई. पाय ठिवला की निगाली. क्लच जळाय क्लचच न्हाई. आन उताराला लागली की भरती, खाली येऊस्तोवर चार टक्कं भरून घेती." मंडळी माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत. या एका गोष्टीवर मात्र सुभेदार हळवे होते. गाडी डोंगरात चालते, हे गावाने एकदा तोंडाने म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांना लपवता येत नसे.

मी कुंडलची, उसात वाढलेली. आमच्याकडे नजर टाकावी तर दहा पावलांवर ऊस आडवा येतो. इथे गाव संपलं की डांबर संपतं, डांबर संपलं की माती संपते, आणि वर चढून गेलं की नुसता सडा. काळा खडक, त्यावर पिवळं गवत आणि दूरपर्यंत पवनचक्क्या. तिथल्या वाड्यांवर माझ्या दवाखान्याची जनावरं. माझी स्कूटर पहिल्याच आठवड्यात चढाच्या मध्यावर हाय खाऊन बसली. एका म्हशीचं रेडकू अडलं होतं, वरून फोनवर फोन येत होते, आणि मी खाली रडकुंडीला आले होते. सुभेदारांनी कनवटीची किल्ली काढली आणि म्हणाले, "बसा म्याडम. आठ टक्क्याचं काम हाय."

तो पहिला प्रवास मी अजून विसरलेले नाही. चढ सुरू झाला तरी गाडीने आवाज काढला नाही. खडकावर चाक चढताना रबर कुरकुरायचं तेवढंच. मग गवत सुरू झालं आणि ते गाडीच्या पत्र्याला घासून जाताना मला ऐकू येऊ लागलं. एक चंडोल कुठेतरी वर गात होता. पवनचक्कीचं पातं खाली आलं की हवा कापल्याचा आवाज येई, पुन्हा शांत, पुन्हा तोच आवाज. डोळे उघडे ठेवून झोपावं तसं काहीतरी मला झालं. सुभेदार खिडकीची काच खाली करून, मान जरा बाहेर काढून गाडी चालवत होते. रस्ता ते डोळ्यांनी कमी आणि कानाने जास्त बघत. कोणता दगड पक्का आहे आणि कोणता हलतो, हे म्हणे आवाजावरून कळतं. "जीपमदी असताना मला ह्यो सडा कवा ऐकूच आला न्हाई," ते म्हणाले. "एवढी वरसं नुसता बघितला." रेडकू सुखरूप निघालं. खाली येताना त्यांनी मला पडद्यावरचा आकडा वाढताना दाखवला, आणि एवढा मोठा माणूस असा खूश झाला की मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गाडी राहायची गोठ्यात. घरात जाड वायरचा एकच सॉकेट होता आणि तो गोठ्यात, कडबाकुट्टीच्या मशीनसाठी घेतलेला. चार्जिंगची वायर लावली की सुभेदार म्हणत, "दाव्याला लावली." एका बाजूला म्हैस, एका बाजूला गाडी, दोघी आपापल्या परीने रवंथ करत. पण आमच्याकडे शेतीची लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. घरातले दिवे मंद होत आणि गाडी चार्जिंग घ्यायचं नाकारी. सुभेदार चिडत नसत. खाटेवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "आता पाण्याची पाळी. आपली न्हाई." पिकाला पाणी मिळून मोटारी बंद झाल्या की पडद्यावर पुन्हा हिरवा दिवा लागे. दुसऱ्याची पाळी चालू असताना आपल्या वाफ्याचं दार उघडायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की गाडीलाही त्यांनी ते शिकवलं असावं, असं मला वाटे.

बिनआवाजाच्या गाडीचा एक तोटा होता. सड्यावरची जनावरं तिला मोजत नसत. गाई रस्त्यात उभ्या राहत, शेळ्या टायर हुंगत. हॉर्न वाजवायचा नाही, हा सुभेदारांचा नियम. "हॉर्न म्हंजे शिवी," असं ते म्हणत. मग त्यांनी वर उतरलेल्या एका धनगराकडून एक जुनी घंटा मागून आणली आणि पुढच्या बंपरला बांधली. गाडी हलली की टण, टण. दिसायला झकास, ऐकायला गोड. पण ती घंटा त्याच धनगराच्या म्होरक्या बोकडाची होती, बोकड नुकताच मेलेला, आणि कळपाला एवढंच ठाऊक होतं की ही घंटा जाईल तिकडे जायचं. मी त्या दिवशी मागच्या सीटवर लसीची पेटी मांडीवर घेऊन पेंगत होते. सहज मागे वळून पाहिलं तर सगळी मेंढरं एका ओळीत, खाली मान घालून, आमच्या मागे चाललेली. पिवळ्या गवतातून एक पांढरी गाडी आणि तिच्यामागे ती लांबच लांब लोकरीची माळ. मी काही बोलले नाही. बोलले तर मोडेल असं वाटलं. बऱ्याच वेळाने मागून धनगर धापा टाकत आला आणि ओरडला, "आवं सुभेदार, माझं खांड कुटं न्हेताय?" सुभेदारांनी गाडी वळवली आणि त्याच चालीने सगळी मेंढरं त्याच्या वाड्यावर नेऊन सोडली. घंटा परत केली. त्यानंतर जनावर आडवं आलं की खिडकीतून हात काढून दारावर हलकेच थापटत.

फलटणहून त्यांचा पुतण्या दिवाळीला आला तो हायब्रीड गाडी घेऊन. बॅटरीही आणि पेट्रोलही. त्याने काकांना समजावलं की डोंगरात हीच गाडी बरी, बॅटरी संपली तरी माणूस अडकत नाही. सुभेदारांनी ती गाडी सड्यावर फिरवून आणली, चारी बाजूंनी बघितली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "चालती. झकास चालती. पर दोन सासवांची सून हाय ती. राबती लय, कुनाचीच न्हाई." पुतण्या म्हणाला, "काका, अडकायची भीती न्हाई हे तर मान्य करा." सुभेदारांनी ते मान्य केलं. रात्री जेवताना स्वतःशीच म्हणाले, "चढाला मधीच इंजान जागं झालं की दचका बसतो." दचक्याची त्यांना एवढी काळजी का, हे तेव्हा मला कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांनी गावाला हसायला आणखी एक कारण दिलं. पेंडीचं एक पोतं ते पुढच्या सीटवर ठेवत, त्याला पट्टा बांधत आणि पोत्याच्या मांडीवर, म्हणजे जिथे मांडी असती तिथे, पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवत. मग गाडी घेऊन वर जात. परत आले की तांब्यात किती पाणी राहिलं ते वाकून बघत. कधी निम्मा, कधी पाव. टपरीवर बातमी पोचली की सुभेदार पोत्याला फिरवतात. "वहिनी न्हाई येत का बरूबर?" असं कुणीतरी खवचटपणे विचारलं. सुभेदार उठून आले. बशीतला चहा तसाच राहिला.

काकी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, खरंच कधी गाडीत बसत नसत. त्यांच्या मणक्यात गॅप होती. कमरेला पट्टा बांधून घरातलं सगळं करत, धारही काढत, पण रस्त्याचा एक धक्का बसला की चार दिवस अंथरुणात. त्यांचं माहेर सड्याच्या पार टोकाला, पवनचक्क्यांच्याही पलीकडच्या वाडीत. आईबाप केव्हाच गेले होते. थोरली बहीण तिथेच दिलेली होती आणि आता तिनेही खाट धरली होती. थोरलीला खाली आणता येत नव्हतं आणि काकींना वर जाता येत नव्हतं. रविवारी फोन व्हायचा. मी ऐकलेला आहे. "पाऊस हाय का?" "न्हाई. तुज्याकडं?" "न्हाई." "बरं." आणि मग दोघी फोन कानाला लावून गप्प बसत. कुणीच ठेवत नसे. शेवटी रेंज जाई.

एकदा भाकरी थापताना काकींनीच मला सांगितलं. पुष्कळ वर्षांमागे, अंगात जोर होता तेव्हा, त्या पायी वर गेल्या होत्या. थोरलीने हात धरून म्हटलं होतं, आजची रात ऱ्हा. काकींना घरच्या म्हशीची धार होती, नवरा सीमेवर, सासू आजारी. त्या हात सोडवून निघून आल्या. "त्या दिसापासनं ती मला ऱ्हा म्हनली न्हाई," काकी म्हणाल्या. "आन तिनं म्हनल्याबिगर मी कशी ऱ्हाऊ?" आमच्या भागात ही गोष्ट साधी नाही. घरच्याने 'राहा' म्हटल्याशिवाय पाहुणा राहत नाही, आणि एकदा शब्द खाली पडला की मानी माणूस तो पुन्हा उचलत नाही. दोघी बहिणी सारख्याच मानी. तव्यावरची भाकरी फुगली, काकींनी ती उलटली आणि विषय संपला.

उन्हाळा लागायच्या सुमाराला सुभेदार एका सकाळी वरून परत आले आणि तांब्या घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. मी ओट्याशी उभी होते. पाणी काठाला होतं. त्यांनी तांब्या काकींसमोर ठेवला आणि म्हणाले, "चल. थोरलीकडं जाऊन येऊ." काकींनी पाण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदराने उगीचच कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "सांजच्या धारंला माघारी आलं पायजे." इतके महिने पोत्याची थट्टा मीही केली होती. मी चपला शोधायला बाहेर गेले.

त्यांनी मला सोबत घेतलं, कमरेचं काही झालं तर असावी म्हणून. मी जनावरांची डॉक्टर आहे, हे त्यांना चालण्यासारखं होतं. काकी पुढे बसल्या. पोत्याला बांधलेला पट्टा सुभेदारांनी त्यांना बांधला आणि ओढून पाहिला. मग गाडी निघाली, माणूस चालेल त्याहूनही हळू. प्रत्येक दगड त्यांना पाठ होता. ओढ्यात उतरताना गाडी जणू पाय टेकून टेकून उतरली. उभ्या चढाला चाक घसरलं नाही, गाडी थांबली नाही, मागेही आली नाही. काकी डोळे मिटून होत्या. वर सड्यावर आल्यावर त्यांनी काच खाली करायला सांगितली. वारा आत आला. "आलं," त्या एवढंच म्हणाल्या. पवनचक्क्यांच्या सावल्या गाडीवरून एकेक करून जात राहिल्या.

थोरली दारातल्या खाटेवर होती. धाकटीला बघून ती रडली नाही. म्हणाली, "वाळलीस गं." काकी खाटेच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी थोरलीचे पाय मांडीवर घेतले आणि चेपत बसल्या. थोरलीच्या सुनेने चहा केला. बोलणं झालं ते शेळीचं, चिंचेच्या झाडाचं, कोण मेलं आणि कोण राहिलं त्याचं. ऊन कलायला लागलं. काकी मधूनच दाराबाहेर बघत, पुन्हा पाय चेपत. थोरली त्यांच्याकडे बघत होती. तिचे ओठ एकदा हललेही. पण तो शब्द काही आला नाही. शेवटी काकींनी पाय हळूच खाटेवर ठेवले आणि उठायला भिंतीचा आधार घेतला.

सुभेदार बाहेर गाडीपाशी होते. ते आत आले, उंबऱ्याशी ताठ उभे राहिले आणि साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं म्हणाले, "चार्जिंग संपलं."

"म्हंजी?" काकींनी विचारलं.

"गाडी जात न्हाई. हितल्या लाईटीवर भराय लय दिस जातील. ऱ्हावं लागंल."

मी बाहेर जाऊन गाडीत डोकावले. पडद्यावर निम्म्याहून जास्त आकडा होता. आणि घरापर्यंत बहुतेक उतार, ज्या उताराला ही गाडी उलट भरत जाते. मी मागे वळले तर सुभेदार दारातून माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्या नजरेत. पण त्यांनी काय केलं होतं ते मला समजलं. गाडी डोंगरात अडकते, हे वर्षभर गावाशी भांडून नाकारत आले, तेच त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

"धार कोन काडंल?" काकी म्हणाल्या.

"मी काढते," मी म्हणाले. "गाडी खरंच हलत नाही काकी."

थोरलीच्या मुलाने मला मोटारसायकलवरून खाली आणून सोडलं. रोज सकाळ-संध्याकाळ मी म्हशीच्या लाथा खात धार काढली. दुसऱ्याच दिवशी टपरीवर सगळ्यांना कळलं होतं. दिवसामागून दिवस गेले, तशी थट्टेलाही धार चढली. ते दोघं खाली आले तेव्हा सुभेदार दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे टपरीवर गेले. मी दूध घालून परत येत होते.

"काय सुभेदार, अडकली का न्हाई वर?"

"अडकली," सुभेदार म्हणाले.

"आमी म्हनत हुतो का न्हाई? डोंगराचं काम न्हाई त्ये."

"व्हय गड्या. न्हाई डोंगराचं काम." त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायले.  मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी मान किंचित हलवली आणि मी चालू लागले.

थोरली त्याच पावसाळ्यात गेली. पुढच्या वर्षी माझी बदली सांगलीकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी काकींनी मला जेवायला बसवलं. त्या वाढत असताना मी म्हणाले, काकी, एक सांगू का, त्या दिवशी गाडी काही बंद पडली नव्हती.

काकी हसल्या. "मला ठावं हाय की. दुसऱ्या दिशी सकाळी ऊन आलं म्हनून ह्येंनी ती गपचीप चिंचंखाली न्हेऊन लावली. आवाज न्हाई, त्यांना वाटलं कुनाला कळनार न्हाई. थोरली खाटंवरनं बघत हुती."

"मग?"

"मग काय. तिनं माज्या हाताला धरलं. म्हनली, आपल्याला कळलंय ते त्येला कळू दिऊ नगंस गं. न्हाईतर आजच घिऊन जाईल तुला."